जोडव्यांची वाकळ

सुरत,
संक्रांत, १४ जानेवारी १९८६

दगडाबाई आत्यास सिदूचा शरणार्थ.

आज इथं सगळी सुरत पतंगासाठी छपरावर चढलीय, कारखाना बंद, म्हणून लिहायला बसलो. चौदा वर्षांनी पत्र आलं की माणूस आधी विचारतं, कोण गेलं. कोणी गेलं नाही आत्या. सरूचं लग्न ठरलं.

सरू म्हणजे माझी धाकटी बहीण, तुमच्या भावाची, आबारावाची लेक. तुम्ही शेवटची बघितली तेव्हा नाक पुसायला तुमचा पदर धरणारी. आता माझ्या खांद्याला लागते आणि मलाच दरडावते. मुलगा येरमाळ्याकडचा आहे, हायवेला टायरचं दुकान आहे. अक्षय्यतृतीयेला लग्न.

आता कामाचं. आपल्या घरात लेकीची वाकळ आत्यानं शिवायची असते. तुमची तुमच्या आत्यानं शिवली, तिची तिच्या आत्यानं. सरूची कोण शिवणार, हे घरात कोणी तोंडानं विचारत नाही. आईनं तुमच्या भावाला, दादांना म्हणून बघितलं, "बाजारातनं सोलापुरी चादर आणू." दादा ताटावरून उठून गेले. हे मला सरूनं कळवलं. खाली लिहिलंय, "दादा मला वाकळीबिगर काय पाठवायचे न्हाईत, आन् आत्या काय यायची न्हाय. मग मी बसते हितंच."

मास्तर, पत्र तुम्हीच वाचत असणार. महालिंगप्पा मास्तरांनाही शरणार्थ. माझं अक्षर तिसरीत होतं तसंच आहे म्हणून मधेच हसू नका, आत्याला वाटेल पत्रात विनोद आहे.

आत्या, वाकळ शिवा एवढंच मागतो. आपल्या गावात पाऊल टाका असं म्हणत नाही. आईशी बोला असंही म्हणत नाही.

मी इथं चांगल्या जागी आहे. मोठा कारखाना आहे, रजया आणि पलंगपोस परदेशी जातात. मला कापडाच्या कपाटाच्या किल्ल्या दिल्यात.

तुमचा भाचा,
सिदू


सुरत,
९ फेब्रुवारी १९८६

दगडाबाई आत्यास शरणार्थ.

उत्तर आलं नाही. म्हणजे पत्र पोचलं. पोचलं नसतं तर पोस्टानं परत केलं असतं. तुम्ही ऐकलंत आणि गप्प बसलात. गप्प बसलात म्हणजे नाही म्हणाला नाहीत. मी असा हिशोब लावलाय.

सोबत एक पुडकं पाठवतोय. त्यात कापडाची एक कमान आहे, अर्ध्या बांगडीसारखी. ती आधी हातात घ्या, मग मास्तरांना पुढं वाचू द्या.

इथं एका परदेशी बाईनं नमुन्याला म्हणून जुनी वाकळ दिलीय. तिच्या आजीच्या लग्नातली. काठ फाटलेत, पण नक्षी बघून मी जेवायचा राहिलो. सगळ्या वाकळीभर कड्याच कड्या, एकीत एक अडकलेल्या. प्रत्येक कडी नखाएवढ्या चिंध्यांची. आमचे कटिंग मास्टर चाचा म्हणाले, त्यांच्याकडं लग्नात बोटात अंगठी घालतात, त्या या अंगठ्या. मला तर वेगळंच दिसलं. लग्नात सासरचे पायात जोडवी घालतात ना, ती कोणी धुण्याच्या दगडावर एकात एक अडकवून मांडून ठेवावीत तशी. सरूला ही वाकळ पाहिजे आत्या. तिला माहीत नाही, मला माहीत आहे.

आता ही करायच्या तीन रीती इथं चालतात. कोणती घ्यायची ते तुम्ही सांगा.

पहिली म्हणजे वरून लावायची. मोठ्या कापडावर कडी ठेवायची, काठ आत दुमडून ठिगळासारखी शिवायची. लवकर होते. पण कडी कडीत अडकत नाही, एकमेकींच्या शेजारी बसतात, बोलणं बंद असल्यासारख्या.

दुसरी, तुकड्याला तुकडा जोडत जायचं. दोन कमानींच्या मधे पिंपळपानासारखा तुकडा येतो, त्याचा काठ बाहेर फुगलेला, कमानीचा आत गेलेला. वाकड्याला वाकडं शिवायचं. एका जागी सुतभर चुकलं की पुढची सगळी वाकळ पापडासारखी फुगते. ही रीत खरी. पण ही करणारी माणसं वर्ष वर्ष बसतात.

तिसरी कागदाची. कमानीच्या मापाचा कागद कापायचा, त्याच्यावर चिंध्या एकीला लागून एक ठेवत मशीन मारायची. कमान छापल्यासारखी निघते. पुडक्यातली कमान तशीच केलीय, फक्त मशीनऐवजी हातानं. इथल्या एका कारागिराकडून करून घेतली. चांगला हात आहे त्याचा.

अक्षय्यतृतीयेला आता फार दिवस नाहीत.

सिदू


सुरत,
२ मार्च १९८६

आत्या, शरणार्थ.

मास्तरांचं कार्ड आलं. मी ते चाचांना मराठीतूनच वाचून दाखवलं. त्यांना काही कळलं नाही पण तेही हसले.

"दगडाबाई सांगतात तसं लिहितो," असं मास्तरांनी सुरू केलंय. "ह्यो टाका कारागिराचा न्हाय. डावऱ्याचा हाय. उजव्या हाताचा टाका असा कलत न्हाय. माझ्या मांडीवर बसून ज्यानं सुई धरली त्याचा हाय. बाप्या मानूस वाकळ शिवतो म्हणायला लाजतोस व्हय? तुज्या आज्जानं बैलाच्या झुली शिवल्या. आन् मला तुमी तुमी काय लावलंस, मी काय तहसीलदारीण हाय?"

खरं आहे. मीच शिवली. कारखान्यात आमच्या ओळीत सगळे बाप्येच शिवतात, इथं कोणी काही म्हणत नाही. गावात कळलं तर पारावर दिवाळी होईल, म्हणून लिहिलं नव्हतं.

आता 'तू' म्हणतो. बरं वाटलं. शाळेसाठी तुझ्याकडं राहत होतो तेव्हा 'तू'च म्हणायचो की. मग तो दुष्काळ आला, दादा मला तुझ्या दारातून घेऊन गेले, आणि मागं वळून बघितलं तर तू आत गेली होतीस. मला तेव्हा वाटलं माझ्यावर रागावलीस.

कार्डाच्या मागच्या बाजूला तू रीतींवर जे बोललीस ते मी सहा वेळा वाचलं. तुझं म्हणणं असं की तिन्ही रीती शिंप्याच्या. वरचा पदर वेगळा करायचा आणि मग त्याला खाली अस्तर जोडायचं, हे वाकळीचं काम नाही. वाकळीचे सगळे थर एकदम अंथरायचे, कडेपासून सुई धरायची आणि फेरे घालत मधे यायचं, देवळाला प्रदक्षिणा घालत गाभाऱ्यात शिरावं तसं. आणि कापड अंगावर मुरलेलं पाहिजे, नव्या कापडाखाली झोप लागत नाही.

म्हणजे चौथी रीत झाली. मी विचार करतोय. चाचांनाही विचारलं. ते म्हणाले, "तेरी फूफी को यहाँ ले आ, मैं गाँव चला जाता हूँ."

तुझाच,
डावरा सिदू


सुरत (पत्ता बदललाय, पाकिटावर नवीन लिहिलाय),
२३ मार्च १९८६

आत्या, शरणार्थ.

जमलं! दोन्ही रीतींचं लग्न लावलं.

ऐक. कमानी मी इथं कागदावर करतो, मशीनवर. बारीक चिंध्यांचं किचकट काम इथंच संपलं. थर अंथरणं आणि फेरे घालणं तुझं. तू तुझ्या रीतीनं कडेपासून आत ये. कमानी थरांवर मांडताना मात्र एक गोष्ट कर. एक कमान दुसरीच्या वरून गेली तर पुढच्या जोडाला तीच कमान खालून जाऊ दे. वरून, खालून, वरून, खालून. दुरडी विणतात तसं. म्हणजे कडी खरोखरच कडीत अडकते, वरून चिकटवलेली राहत नाही. आधी नुसता कच्चा टाका घाल. सगळ्या कड्या बसल्या की मग पक्के फेरे.

हे त्या परदेशी वाकळीतसुद्धा नाही. मी उलटी करून बघितली.

पार्सलात सगळ्या कमानी आहेत. खालचा कागद तसाच राहू दिलाय, वाटेत चुरगळू नयेत म्हणून. रंग लाल, हळदी, मोरपंखी जास्त. कापड नवीन आहे, त्याबद्दल बोलू नको. आतले थर तुझे मुरलेले घाल.

सगळ्यात खालचा थर नवरीच्या आईच्या लुगड्याचा असतो, हे तू कार्डात लिहिलंस आणि पुढं लिहिलंस, "ते कोण आणणार?" आणलं. मी आईला लिहिलं, आईनं काही विचारलं नाही. दूध सोसायटीचा टेम्पो आपल्या गावातून रोज लोहाऱ्याला कॅन घेऊन येतो, त्याचा ड्रायव्हर गुंडाप्पा तुझ्या दारात लुगडं देऊन जाईल. तिचं हिरवं, रुईफुली काठाचं. तेच तिचं एकुलतं धड लुगडं आहे हे मला माहीत आहे आणि तुलाही बघितल्याबरोबर कळेल. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

पत्ता बदलला कारण कारखाना बदलला. जेवणाच्या सुट्टीत मशीनवर घरचं काम करतोस म्हणून शेठनं किल्ल्या परत मागितल्या. चिंध्या केरातल्याच होत्या, चाचांनी शेठसमोर तसं सांगितलंसुद्धा. मला तिथं तसाही कंटाळा आला होता. सोलापूरचं हॉटेल, मग ट्रकवर क्लीनर, मग रंगाची मिल, मग हे. दादा म्हणतात माझ्या पायाला चाक आहे. असू दे. या खेपेला चाकावरून उतरताना हातात काहीतरी होतं.

सिदू


सुरत,
१२ एप्रिल १९८६

आत्या,

मास्तरांचं कार्ड हातात घेऊन बसलोय.

"वाकळ वाजती," असं लिहिलंय. "कड्या बसल्या. लई गोजिरवाणी दिसती. गल्लीतल्या बाया बघून जातात. पण हात लावला की कडब्याच्या पेंढीवाणी वाजती. नवरी कूस पालटंल तर शेजारच्या घरात ऐकू जाईल. कागद ऊब धरतो म्हणून ठिवला असशील असं वाटलं, म्हणून म्या बी ठिवला."

आत्या, कागद काढायचा असतो. कमान बसवायच्या आधी मागून फाडून टाकायचा. इथं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, त्यामुळं कोणी कोणाला सांगत नाही, आणि मीही लिहायचं विसरलो. मला वाटत होतं लिहिलंय.

आता ओढून काढू नको! मशीनचा टाका मोठा मारलाय, कोरडा कागद ओढलास की चिंध्यांची शिवण उसवेल आणि कमान हातात येईल. कागद वर्तमानपत्राचा आहे. पाण्यात भिजला की लगदा होतो. कमानींच्या आतल्या काठाला अजून कच्चाच टाका असेल, तिथून बोटानं काढता येतो. पण ओंजळभर पाण्यानं हे होणार नाही. वाकळ आख्खी बुडाली पाहिजे. शिवाय लाल कापड सुरतेचं नवं आहे, पहिल्या पाण्याला रंग सोडणार. थोड्या पाण्यात भिजवलीस तर सगळी वाकळ डागाळेल. भरपूर पाणी, मीठ घालून, आणि ते ओतून परत नवं पाणी. असं चार वेळा तरी.

लोहाऱ्यात टँकर येतो हे मला माहीत आहे. घरटी किती घागरी मिळतात तेही.

वाकळ न भिजवता काही करता येईल का, हे चाचांना जाऊन विचारलं. ते म्हणाले नाही.

सिदू


सुरत,
२० एप्रिल १९८६

आत्या,

नाही, मी मुद्दाम केलं नाही. बसवेश्वराची शपथ, आईची शपथ, मास्तरांच्या छडीची शपथ. कागद मी विसरलो. एवढी अक्कल मला असती तर मी सुरतेला कशाला आलो असतो?

तू लिहिलंस, "आख्ख्या टापूत पानी एकाच हिरीला हाय. कुनाच्या, ते तुला ठावं हाय. वाकळ चुलीत घालीन, पन त्या हिरीवर पाय ठिवनार न्हाय."

ठाऊक आहे. आपलीच विहीर.

मला सगळं आठवतंय आत्या. मी तुझ्याबरोबर होतो. लोहाऱ्यातून पायी आलो होतो, तुझ्या डोक्यावर ती तांब्याची घागर होती, आज्ज्यानं तुला लग्नात दिलेली. विहिरीवर बाया उभ्या होत्या. आई म्हणाली, "आज न्हाय वन्सं." एवढंच. तू रिकामी घागर डोक्यावर ठेवलीस आणि सगळ्यांच्या मधून तशीच निघालीस. घरी आल्यावर घागर पालथी घातलीस. गेल्या दिवाळीला मी गावाकडून सुरतेला परतत होतो, तेव्हा तुझ्या दारावरून गेलो. आत आलो नाही. दार उघडं होतं, फळीवर ती घागर अजून पालथीच होती.

आईनं असं का केलं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. मला अंदाज आहे, पण मीही आज सांगत नाही. तिचं तिला सांगू दे.

वाकळ चुलीत घालायची तर घाल. पण खालचं हिरवं लुगडं आधी उसवून परत पाठव. तिच्याकडं लग्नात नेसायला दुसरं नाही.

मी परवाच्या गाडीनं निघतोय.

सिदू


सुरत,
२१ मे १९८६

आत्या, शरणार्थ. मास्तर, तुम्हाला दुप्पट शरणार्थ.

आत्या, हे पत्र तुझ्या नावानं आहे पण यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तू तिथं होतीसच. पण मास्तर सुट्टी लागल्याबरोबर सासुरवाडीला गेले, लग्नाला नव्हते, आणि परत आल्यावर मला कार्ड पाठवलं की, "सगळी पत्रं मी वाचली, सगळी उत्तरं मी लिहिली, आणि शेवट मला कोणी सांगत नाही, ही कुठली रीत?" तर मास्तरांसाठी लिहितो. तू ऐकत बस आणि चुकलं तर थांबव.

मास्तर, मी गावी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडाप्पाचा टेम्पो रिकामे कॅन घेऊन परत आला. विहिरीच्या वाटेवर येऊन थांबला. गुंडाप्पा खाली उतरून मोठ्यानं म्हणाला, "सोसायटीनं दूध सोडून आता मानसं वाहायला सुरवात केली!" मागं कॅनच्या मधे आत्या बसलेली. मांडीवर वाकळीचं गाठोडं. आणि डोक्यावर, टेम्पोत बसल्या बसल्या, ती तांब्याची घागर. चिंचेनं घासून लखलखीत केलेली.

टेम्पोतून उतरली. बांधापर्यंत आली. बांधावर थांबली.

विहिरीवर गावातल्या बाया होत्या. त्यातल्या निम्म्या त्या दिवशीही होत्या. सुमनबाईनं तोंडाला पदर लावला. दादा मोटरीच्या खोलीत शिरले ते बाहेरच येईनात. आई रहाटाजवळ उभी होती. कासरा हातात तसाच.

आई म्हणाली, "वन्सं, घागर आणली व्हय?"

"आणली."

"रिकामी?"

"रिकामीच नेली व्हती की."

मास्तर, मी त्या वेळी बांधावरचा एक दगड बघत होतो. दुसरीकडं बघायची सोय नव्हती.

मग आई बांधापर्यंत चालत आली. म्हणाली, "त्या दिशी सरू तापली व्हती. सकाळधरनं तिच्या अंगावर वल्या फडक्याच्या पट्ट्या ठिवत व्हते. हिरीत हातभर गाळ आन् वर तांब्याभर पानी. तुमाला दिलं असतं तर पोरगी..." मग म्हणाली, "पोरगी तापलीय म्हणून सांगितलं असतं तर तुमी पानी घितलंच नसतं, वर तिच्यापाशी बसला असता. हे मला तुमी शिवंच्या पल्याड गेल्यावर सुचलं. मग चौदा वर्सं सुचतच ऱ्हायलं."

आत्यानं काखेतलं गाठोडं सावरलं. मग म्हणाली, "ती तापलेली पोरगी कुठाय? वाकळ धुवायला हात नगंत व्हय? का मीच तुडवू समदी?"

आणि बांध ओलांडला.

आईनं तिच्या डोक्यावरची घागर स्वतः उतरवून घेतली, स्वतः सोडली, भरून वर ओढली. आत्याच्या हातात दिली नाही. तोवर सरूनं हौदात वाकळ पसरली होती, तिच्यावर ओतली. म्हणाली, "पयली तुमच्या घागरीची." मग दादांनी आतूनच मोटर चालू केली, तेव्हा कळलं ते आत ऐकतच उभे होते.

त्यानंतर जे झालं ते जत्रेसारखं झालं मास्तर. सरू, आई, आत्या, सुमनबाई, गल्लीतली धुरपदाबाई, सगळ्या लुगडी खोचून हौदात उतरल्या. तुडवतायत, हसतायत. बोटांनी कमानींच्या आतून लगदा काढतायत. हौदाच्या पाण्यावर गुजराती अक्षरं तरंगायला लागली. धुरपदाबाई एक तुकडा धरून म्हणाली, "सिदू, हे वाच की, तुला येतंय न्हवं?" मी म्हटलं, यात लिहिलंय की धुरपदाबाईनं जास्त बोलू नये.

आणि मग लालनं रंग सोडला. हौद कुंकवासारखा झाला. मीठ टाकलं, पाणी सोडलं, परत भरलं, परत सोडलं. ते पाणी वाया गेलं नाही, पाटानं चाऱ्याच्या कडवळाला गेलं. चौथ्या पाण्याला रंग थांबला. वाकळ दगडावर पसरली. कड्यांच्या मधला सगळा भाग आत्यानं जपलेल्या आज्ज्याच्या पांढऱ्या धोतराचा होता, तो आख्खा फिका गुलाबी झाला होता. एकसारखा. कुठं डाग नाही.

मी म्हणणार होतो, बिघडलं. आत्या कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्ये म्या ठरवून बी जमलं नसतं. म्हातारं आख्ख्या जन्मात हसलं न्हाय, आता बघा कसं लाजलंय." आई एवढी हसली की हौदाच्या काठावर बसली.

मग पक्के फेरे. आत्या एका कडेला, आई दुसऱ्या कडेला, मी तिसऱ्या. पारावरचे लोक बघायला आले. नानासाहेबांनी टोमणा मारलाच, "सिदू, लुगडं कवा नेसतोस?" आत्या मान वर न करता म्हणाली, "नानासाहेब, तुमच्या धोतराचं मागचं ठिगळ कुणी लावलं? उलटं लागलंय." नानासाहेब मागं हात लावून बघायला लागले आणि सगळा पार हसला. त्यानंतर मला कोणी काही बोललं नाही.

फेरे मधे आले. शेवटी चार बोटांएवढं तोंड उघडं राहिलं. वाकळ उपाशी ठेवायची नसते, तिच्या पोटात भाकरीचा तुकडा घालायचा आणि मग तोंड शिवायचं, हे मास्तर तुम्हाला माहीत असेल. आता तुकडा कोणाच्या भाकरीचा? आई म्हणाली, "माझ्या चुलीवरची. लेक माझी." आत्या म्हणाली, "वाकळ माझी. भाकरी मी लोहाऱ्यातनं बांधून आणलीय." दोघींचा आवाज चढला. दादा घाबरून मला म्हणाले, "परत सुरू झालं रे." मी म्हटलं, दादा, होऊ द्या. चौदा वर्षांची भांडणं साठलीत, ती काय एका दिवसात संपतील?

दोघींचे दोन तुकडे घातले. तोंड सरूनं शिवलं.

लग्नाच्या दिवशी येरमाळ्याच्या बायांनी वाकळ चौघींनी चार कोपऱ्यांना धरून उचलली. एकीनं बोटानं एक कडी धरली आणि कुठं सुरू होते ते शोधायला लागली. वरून गेली, खालून गेली, दुसरीत शिरली, तिसरीत निघाली. बाकीच्या पण वाकल्या. सापडेना. नवऱ्या मुलाच्या चुलतीनं विचारलं, "कोणत्या दुकानातनं आणली?"

आत्या म्हणाली, "दुकानात मिळत असती तर म्या चौदा वर्सं थांबले असते का?"

आईनं हिरवं लुगडं नेसलं नाही. ते वाकळीला गेलं होतं. आत्यानं स्वतःचं जांभळं दिलं. ते आईला आखूड झालं, तर आई म्हणते कशी, "माप घ्यायला सुरतेहून कारागीर बोलावला व्हता, पर डावरा निघाला." सरू सासरी निघाली तेव्हा रडली नाही. वाकळ मांडीवर घेऊन टेम्पोत बसली, तुळजापूरला दर्शनाला जाताना बरोबर नेली, आणि तिथं लॉजवाल्यानं "ही विकणार का" असं विचारलं, असं तिनं कळवलंय. लॉजवाल्याला काय उत्तर दिलं ते लिहीत नाही, मास्तरांना वाचताना लाज वाटेल.

आता हे आत्यासाठी.

दूध सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब लग्नात वाकळ उलटी-सुलटी करून बघत होते, तुझ्या ध्यानात आलंच असेल. त्यांनी दादांना सांगितलंय की दुधाला सोसायटी होते तशी वाकळीलाही होते, बायकांची. जनावरं चाऱ्यावाचून चाललीत, दूध आटलं, पण सुई आटत नाही. नोंदणीचं ते बघतील. आपल्या गावच्या बायांनी सह्या आणि अंगठे दिलेत. आता अडलंय एकाच गोष्टीवर. आईचं म्हणणं चेअरमन तू व्हावंस, कारण हात तुझा. तुझं म्हणणं आई व्हावी, कारण पाणी तिचं. दादा लिहितात की यावरून दोघींनी गुंडाप्पाच्या टेम्पोतून एकमेकींना निरोप पाठवून पाठवून त्या बिचाऱ्याचं डोकं उठवलंय. तो म्हणतो, आता दूध वाहणंच बरं होतं, दूध उलटून बोलत नाही.

मी येतोय. परत जायला नव्हे. चाचांनी त्यांची मोठी कात्री दिलीय आणि पुठ्ठ्याची मापं कापून दिलीत. कमानी मी कापीन, मशीन मी चालवीन. कागद मीच फाडीन. तो तुमच्या कोणाच्या हाती देणार नाही. आणि हो, मी निघताना तू मला हळूच विचारलंस, "खरं सांग, मुद्दाम केलंस ना?" तेव्हा गाडी सुटली आणि मला उत्तर देता आलं नाही. गाडी पुष्कळ वेळ उभी होती हे खरं आहे.

गुंडाप्पानं एक सांगितलं ते लिहून संपवतो. लग्नानंतर तू परत लोहाऱ्याला निघालीस तेव्हा आईनं ती घागर काठोकाठ भरून दिली होती. तू ती टेम्पोत मांडीवर धरून नेलीस, खड्डा आला की गुंडाप्पाला शिव्या दिल्यास, आणि दारापर्यंत थेंब सांडू दिला नाहीस. टँकर आला नाही म्हणून गल्लीतल्या बाया तुझ्या दारात आल्या, तर तू त्यांचे तांबे एकेक करून भरत होतीस आणि प्रत्येकीला न विचारता सांगत होतीस:

"घ्या ग. माझ्या माहेरचं हाय."

तुझा,
सिदू